माटोळीतला राउटर

माटोळीला काय बांधावं आणि काय बांधू नये, याचे आमच्या मामाच्या घरी फार कडक नियम आहेत. त्या नियमांत राउटरचा उल्लेख कुठेच नाही. मी त्याचा अर्थ ‘चालतं’ असा घेतला.

(माटोळी म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात ती लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, कोहळे, रानातली फळं, वेली, जे जे देवाने पिकवलं ते ते बांधायचं. आमच्या देवगडकडे हिलाच माटवी म्हणतात. देव तोच, चौकट तीच, फक्त इथे शेजाऱ्याच्या माटोळीकडे बघून जळायची पद्धत जरा जास्त आहे.)

मी मूळचा देवगडकडचा. सातवीनंतर शाळेचं आणि माझं पटेना, तेव्हा आईने मला डिचोलीजवळ सर्वणला, तिच्या भावाकडे पाठवून दिलं. ‘चार दिवस राहील’ असं ती म्हणाली होती. आता मला टक्कल पडलंय आणि मी अजून मामाकडेच आहे. मामाने मला खाणीवरचा ट्रक चालवायला शिकवलं, खाण बंद झाल्यावर टेम्पो घेऊन दिला, माझं लग्न लावलं, मागच्या दोन खोल्या दिल्या. त्यामुळे माझ्या अंगात कृतज्ञता इतकी भरलीय की रस्त्यात कोणी हॉर्न मारला तरी मी हात जोडतो. भीतीही तेवढीच. घरात काही फुटलं, हरवलं, बंद पडलं की ते माझ्यामुळेच, असं मला आधी वाटतं. (चौकशीअंती ते खरंही निघतं.)

या सगळ्या गोड भातात एकच खडा. त्याचं नाव उल्हास. मामाचा जावई, म्हणजे माझ्या मामेबहिणीचा, शोभाचा नवरा. पेडण्यात पार्सेला घर, काजूची बाग, माड, वर सरकारी नोकरी. भावजी आले की आमच्या घरातल्या चांगल्या चादरी बाहेर येतात. मी इतकी वर्षं या घरात राहतो, पण त्या चादरींचा रंग मला केवळ भावजींमुळे माहीत आहे! ते पिशवीभर काजू घेऊन येतात आणि मामी ती पिशवी छातीशी धरून म्हणते, “केदे बरे काजू गो बाय!” आमच्या परसात तेच काजू मी दरवर्षी घाम गाळून गोळा करतो. त्यांना आजवर कोणी छातीशी धरलेलं नाही.

तर झालं असं की मामाचा मुलगा प्रसाद, जो बोटीवर नोकरीला असतो, त्याने तिकडूनच घरी केबलचं इंटरनेट बसवून दिलं. साधंसुधं नव्हे, गिगाबिट! केबलवाला आला, त्याने सालात, म्हणजे पुढच्या मोठ्या खोलीत, मेजाखाली कंपनीचा एक काळा डबा ठेवला आणि गेला. डबा मुकाट काम करायचा. मामी रोज त्याच्यावरची धूळ पुसायची, कारण त्या डब्यातून तिला पोरगा दिसायचा.

प्रसाद कित्येक वर्षं चतुर्थीला घरी आला नव्हता. या वेळी त्याने कळवलं होतं, की गणपतीच्या तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळेला बोट बंदराला लागेल, तेव्हा तो व्हिडिओ कॉल करील. त्यानंतर बोट दर्यात. पुढचा फोन कधी, ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

“बाबू,” मामी मला रोज विचारायची, “तो दिसतलो मा रे बरो?”

“दिसतलो मामी! तोंडावरची मुरमां मोजून घे!” मी सांगायचो.

सगळं सुरळीत होतं. आणि मग चतुर्थीच्या आधी भावजी सहज म्हणून आले.

मेजाखालचा डबा त्यांनी वाकून पाहिला. मेलेला उंदीर पाहावा तसा पाहिला.

“काय रे बाबू, कंपनीचा डबा वापरता अजून? भाड्याचा? आम्ही मोडेम पण आपला घेतला आणि राउटर पण आपला. सहा अँटेना आहेत! वायफाय थेट काजूच्या बागेत जातं.”

काजूला वायफाय कशाला हवं, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण तोंडातून निघालं, “वा भावजी!”

“आमच्या जावयाक किती कळता!” मामी म्हणाली आणि आत गेली, ती सरळ चांगली चादर काढायला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळे मिटले की सहा अँटेना दिसायच्या. बायको म्हणाली, “काय तां एकदा सांगा आणि झोपा.”

“नंदा, आपण पण आपलो मोडेम घेऊया.”

“चलत्या गाड्याक खीळ कशाक घालतास? असलेलो डबो चलता मा?”

“चलता. पण भाड्यान चलता!”

“आपण पण दोन खोल्यांत फुकट चलतंव,” ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

दुसऱ्या दिवशी म्हापशाला भाडं होतं. सामान उतरवलं आणि टेम्पो थेट इलेक्ट्रॉनिकच्या दुकानासमोर उभा केला.

“कसला राउटर पाहिजे?” दुकानदाराने विचारलं.

“सहापेक्षा जास्त काड्यांचा.”

त्याने आठ अँटेनांचा काढला. उताणी पडलेली मोठी कुर्ली असावी तसा तो दिसत होता. मी तिथेच त्याच्या प्रेमात पडलो. सोबत मोडेम म्हणून साबणाच्या डबीएवढी एक पांढरी वस्तू मिळाली, तिच्याकडे मी लक्षही दिलं नाही. दुकानदार पुष्कळ काही सांगत होता, की मोडेम कंपनीला चालणारा लागतो, त्याची नोंद करावी लागते, वगैरे. एवढा शिकलेला माणूस माझ्याशी एवढं बोलतोय, या उपकारानेच मी इतका वाकलो होतो, की प्रत्येक वाक्याला ‘हो हो’ म्हणत राहिलो.

घरी येऊन कंपनीला फोन लावला. बाई फार गोड बोलत होत्या.

“सर, तुमच्या मोडेमच्या खाली स्टिकर असेल. त्यावरचा नंबर सांगा.”

मला जन्मात कोणी ‘सर’ म्हटलं नव्हतं. माझ्यापुढे दोन वस्तू होत्या. एक आठ काड्यांचा राजा, दुसरी साबणाची डबी. एवढा महत्त्वाचा नंबर साबणाच्या डबीवर कसा असेल? मी राजाला उलटा केला आणि त्याच्या पोटावरचा नंबर ठणठणीत आवाजात वाचून दाखवला.

“धन्यवाद सर. नवीन मोडेम दोन-तीन दिवसांत चालू होईल...”

“उपकार झाले बाई! देव तुमचं भलं करो! तुमच्या मुलाबाळांना...”

त्या मधे आणखी काहीतरी बोलत होत्या. ‘तोपर्यंत जुनाच चालू राहील’ असं ते वाक्य होतं, हे मला पुढे कळलं. त्या वेळी मी त्यांच्या नातवंडांपर्यंत पोचलो होतो.

आता जागेचा प्रश्न. राउटरच्या खोक्यावर चित्रं होती. राउटर उंचावर असावा, घराच्या मध्यभागी असावा, चारी बाजूंनी मोकळा असावा. मी मान वर केली. सालाच्या बरोब्बर मध्यभागी, उंचावर, चारी बाजूंनी मोकळी, अशी मामाची माटोळी टांगलेली होती, आणि मामा तिच्याखाली स्टुलावर चढून कुम्याच्या झाडाच्या सालीच्या दोरीने सुपारीचा घोस बांधत होता. खाली उभं राहून एकेक वस्तू त्याच्या हातात द्यायचं काम दरवर्षीप्रमाणे माझ्याकडे होतं.

नारळ दिले. चिबूड दिला. तोरिंगण, म्हणजे पपनस, दिलं. आणि मग राउटर दिला.

मामाने तो हातात घेऊन फिरवला. “बाबू, ह्या किते रे?”

“मामा,” मी आवाज खाली आणला, “अशी वस्तू उभ्या सर्वणात कुणाच्याच माटोळीला नाही.”

मामाचे डोळे चमकले. समोरच्या घरवाल्यांनी त्या साली कुठल्याशा डोंगरावरून कसलंसं दुर्मिळ फळ आणल्याची बातमी त्याच्या कानावर आली होती. जळणं आमच्या आजोळच्या रक्तातच आहे! त्याने काही न विचारता राउटर मधोमध बांधला, वर दुहेरी गाठ मारली. मोडेमची वायर वीतभरच होती, म्हणून ती साबणाची डबीही शेजारी सुपारीच्या घोसामागे गेली. केबलला फाटा काढून मी एक वायर वर नेली, गणपतीवरच्या फोकसच्या बटणावरून वीज घेतली आणि हात झटकले.

पहिल्याच दिवशी इंटरनेट असं पळत होतं म्हणून सांगू! येईल त्या माणसाला मी मोबाइल दाखवायचो. “बघा, बघा स्पीड! आठ काड्या आहेत. पार्सेला सहाच आहेत.” लोक माटोळीकडे बघून मान डोलवायचे. मामा समोरच्या घराकडे बघून मिशी पिळायचा. दोन दिवस मी इतका सुखी होतो की कोणालाच घाबरलो नाही.

काम सगळं मेजाखालचा जुना डबा करत होता, हे कळलं गणपतीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी. तेव्हा तो गपकन मेला.

मेला म्हणजे कंपनीने ठरल्याप्रमाणे जुना बंद करून नवा चालू केला. पण नवा म्हणजे कोण? ज्याचा नंबर मी दिला होता तो. आणि तो तर राउटर, मोडेमने आत घेतलेलं इंटरनेट नुसतं घरभर पसरवणारा! मोडेम बिचारा सुपारीमागे लाल डोळा करून बसलेला. बाईंना फोन केला तेव्हा त्यांनी हे मला फार गोड शब्दांत समजावलं.

“म्हणजे दुसऱ्या डबीवरचा नंबर हवा, सर. लहान असेल बघा.”

मी स्टूल आणायला धावलो.

“खंय चल्लो?” मामा गरजला.

“माटोळी जरा सोडतो...”

“एकदा बांधली की पाचव्या दिसापर्यंत हात लावचो न्हय!”

“मग नुसता वर चढून वाचतो.”

“देवाच्या डोक्यार चडतलो? शिरा पडो तुज्या मोडेमार!”

मामी कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसली होती, नवं लुगडं नेसून, मांडीवर मोबाइल घेऊन. मोबाइलचं स्वतःचं नेट विचारू नका. चतुर्थीला वाड्यावर मुंबई-पुण्याची एवढी माणसं येतात की बोलण्यापुरती रेंज उरते, नेट पहिल्याच पंगतीत संपतं. मामी माझ्यावर ओरडली नाही. ती फक्त म्हणाली, “बाबू, फोन येतलो मा?”

तिने ओरडायला हवं होतं. ज्या बाईने मला परक्या गावात पहिल्या दिवशी पेजेची वाटी पुढे केली, तिचा पोरगा आज एकदा दिसणार, आणि मी तो सुपारीमागे टांगून ठेवला होता!

आणि अशा मुहूर्तावर दारात कोण? भावजी! त्यांचा दीड दिवसाचा गणपती पोचवून, शोभाला घेऊन, इस्त्रीचा झब्बा घालून, हातात काजूची पिशवी.

“काय झालं?” त्यांनी विचारलं. मग वर पाहिलं. पाहत राहिले. “बाबू... आठ?”

त्या एका ‘आठ’ने मला जे समाधान दिलं, ते सांगायला वेळ नव्हता. मी सगळी हकीकत ओकलो.

भावजींनी मोबाइल उंच धरून फोटो काढला. फोटोत सुपारी आली. दुसऱ्या बाजूने काढला. त्यात कोहळा आला. शेवटी मामाने निवाडा दिला, “आडवो पड. खालसून वाच. पण पाय देवाकडे करू नको!”

तसा मी गणपतीकडे डोकं करून, समई आणि नैवेद्याच्या ताटाच्या मधे उताणा पडलो. आता स्टिकर उलटा दिसत होता, आणि तोही सुपारीच्या मागून, एखादी कोर तेवढी.

“घोस जरा बाजूला करा की कोणी!”

“हात लावचो न्हय!” मामा.

“वारो घातलेलो चलता?” नंदाने विचारलं.

मामा विचारात पडला. वाऱ्याबद्दल नियम नव्हता. “चलता,” तो म्हणाला.

नंदाने स्वयंपाकघरातून सूप आणलं आणि माटोळीला वारा घालायला लागली. घोस हलला की स्टिकर दिसायचा, परत आला की झाकायचा. दिसेल तेवढं मी ओरडायचो, आणि भावजी कंपनीच्या बाईंना माझ्या फोनवरून सांगायचे.

“चार!... थांबा... नंदा, जोरात!... सात! नाही, नाही, उलटं वाचतोय ना मी! पुन्हा पहिल्यापासून!”

“पुन्हा?” भावजी म्हणाले.

“तुमका कधी एका फटक्यात काय जमलां?” नंदा म्हणाली आणि तिने असं सूप हाणलं की माटोळी झोपाळ्यासारखी झुलली.

त्या झुल्यात चिबूड फुटला. दोन दिवस गरम राउटरच्या कुशीत बसून तो आधीच टम्म पिकला होता. त्याची पहिली धार माझ्या कपाळावर आली, दुसरी डाव्या डोळ्यात.

“बाबू, हलू नको,” भावजी म्हणाले, “शेवटचे चारच राहिलेत.”

एवढ्यात आरतीची मंडळी टाळ-मृदंग घेऊन आत आली. त्यांनी पाहिलं, देवापुढे एक टकला माणूस उताणा पडलाय, बायको त्याला सुपाने वारा घालतेय, वरून त्याच्यावर फळाचा अभिषेक होतोय आणि तो आकडे पुटपुटतोय. एक म्हातारे गृहस्थ पुढे आले, त्यांनी माझ्या पायांना हात लावला आणि हळूच मामाला विचारलं, “नवस?”

“न्हय,” मामा म्हणाला, “वायफाय.”

मी उजव्या डोळ्याने शेवटचा आकडा ओरडलो. भावजींनी तो सांगितला. सगळे माना वर करून बसले. टाळवाल्यांनी टाळ खाली ठेवले. मामीने पदर तोंडाशी धरला.

मोडेमचा लाल डोळा मिटला. मग उघडला तो हिरवा. मग राउटरचे दिवे एकेक करून लागले, सुपारीतून, वेलींतून, फुटक्या चिबडातून हिरवा-निळा उजेड झिरपायला लागला.

“मामांची लायटिंग बघा!” मंडळीतलं कोणीतरी म्हणालं. मामाने आधी समोरच्या घराकडे पाहिलं.

आणि मामीच्या मांडीवरचा मोबाइल वाजला.

प्रसाद दिसला. अगदी स्वच्छ, जवळ बसल्यासारखा. मामीने पदराने मोबाइलची काच पुसली. मग म्हणाली, “जेवलो?”

“जेवलो आई. माटोळी दाखय.”

तिने मोबाइल वर धरला. तिकडे प्रसाद नाक पडद्याला लावून म्हणाला, “चिबूड फुटलो गो. वास येता हंयसर.”

घरातली सगळी माणसं एकदम नाक ओढायला लागली. मीही. माझ्या नाकात चिबूड होता, हे कारण वेगळं.

“नेट मस्त चलता आई. कोणी केलां?”

मी कोपरावर उठलो. ही माझी वेळ होती.

“आमच्या जावयान!” मामी म्हणाली. “नंबर कशे फडाफडा सांगले तेणी! साहेब तो साहेब!”

“आणि बाबू खंय?”

“बाबू? तो थंय आडवो पडलो आसा.”

दोघी-तिघी फिसकन हसल्या आणि आरती सुरू झाली. मला उठायला मिळालं नाही. ‘सुखकर्ता’पासून मंत्रपुष्पांजलीपर्यंत मी आडवाच होतो, वर चिबूड चालूच होता, आणि फुलं टाकणाऱ्यांनी देव आणि मी यांत फारसा भेद केला नाही.

पाचव्या दिवशी गणपती पोचवून आलो. पद्धतीप्रमाणे मामाने माटोळी उतरवली आणि वाटणी सुरू केली.

“माटोळीक चडलां ता देवाचां,” मामा म्हणाला, “आणि देवाचां ता वाटून घेवचां. पयलो मान जावयाचो.”

आणि त्याने माझा आठ काड्यांचा राजा, साबणाच्या डबीसकट, उचलून भावजींच्या ओंजळीत ठेवला.

“मामा, पण ता माजां...” मी म्हणेपर्यंत नंदाने असा चिमटा काढला की पुढचा शब्द आतच राहिला. भाड्याचा डबा अजून मेजाखालीच होता आणि एका फोनवर कंपनी तो पुन्हा चालू करून देणार होती, तेव्हा तक्रारीला जागाही नव्हती.

“नको नको,” भावजी म्हणाले, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणाले. “बरं, वरच्या मजल्याला होईल.”

सगळ्यांना काही ना काही मिळालं. कोणाला कोहळा, कोणाला नारळ. मी हात पुसून उभा होतो. मामीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुका किते दिवचां रे? तू घरचोच.”

मला त्याने एकदम भरून आलं. इतकं, की राउटर मीच भावजींच्या गाडीपर्यंत नेला. एकही काडी मोडू नये म्हणून मागच्या सीटवर, चांगल्या चादरीत गुंडाळून ठेवला.

“बाबू, एक अडचण आहे,” गाडीत बसता बसता भावजी म्हणाले. “कंपनीला मोडेमचा नंबर द्यावा लागेल ना? स्टिकरवर चिबूड वाळलाय. काहीच दिसत नाही.”

मी डोळे मिटले आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत सगळा नंबर घडाघडा म्हणून दाखवला. सातवीपर्यंत ज्याला एक पाढा धड आला नाही, त्याच्या डोक्यात सबंध आयुष्यात एकच गोष्ट पक्की बसली, आणि तीही जावई लिहून घेऊन गेला!